शिरपामाळचा मुक्तिसोहळा

ठाण्यातल्या आमच्या सोसायटीत दोन पक्ष आहेत. एक कबुतरांना दाणे टाकणारा आणि दुसरा त्यांना काठीने हाकलणारा. मी दुसऱ्या पक्षाची जुनी कार्यकर्ती. त्यामुळे जखमी वन्यप्राण्यांच्या सेवेसाठी आठ दिवस जव्हारला चला, असं आमंत्रण मला यायचं खरं तर काही कारण नव्हतं. पण खालच्या मजल्यावरची नीलिमा अशा एका प्राणिमित्र संस्थेत जाते, आणि संस्थेला सेविका नको होती, सूत्रसंचालिका हवी होती. बरा होत आलेला एक गरुड येत्या रविवारी शिरपामाळावरून आकाशात सोडायचा होता. त्याचा 'मुक्तिसोहळा' होता, प्रमुख पाहुणे येणार होते आणि संस्थेतल्या कुणालाही सलग चार वाक्यं मराठीत बोलता येत नव्हती. मी तेहतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं आहे. माइक दिसला की माझा हात आपोआप पुढे जातो. मी हो म्हणाले.

परत आल्यापासून जो तो विचारतो, काय काय पाहिलंत. प्रत्येकाला जिन्यात उभं राहून सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून काढते.

सोमवार, जव्हार

प्रवासाचं सांगण्यासारखं काही नाही. विक्रमगडनंतर नीलिमाला गाडी लागली आणि मला झोप. जव्हारला लोक थंड हवेचं ठिकाण म्हणतात. मार्चअखेरीला दुपारी एक वाजता तिथे उतरलेल्या माणसाने त्यावर मत देऊ नये, म्हणून मी देत नाही.

संस्थेचं उपचार केंद्र गावाबाहेर आहे. पत्र्याचं छप्पर, पाच पिंजरे, एक खोली आणि दाराशी 'शांतता राखा' असा केंद्रातला सगळ्यात मोठा फलक. केंद्राचा प्रमुख अभिजित. वय चाळीस, ठाण्यात कॉम्प्युटरची नोकरी, रजा मिळाली की जंगल. सगळे त्याला सर म्हणतात, त्याच्याहून मोठेसुद्धा. त्याच्यासकट सातही स्वयंसेवकांनी झाडीत दिसू नये म्हणून हिरव्या-तपकिरी ठिपक्यांचे कपडे घातले होते. झाडांची पानं गळून गेलेली असल्यामुळे ते समोरच्या डोंगरावरूनही दिसत असावेत. प्राण्यांना ताण येऊ नये म्हणून इथे सगळे कुजबुजत बोलतात. फोनवर मात्र ओरडतात, कारण रेंज नसते.

पेशंटांची ओळख करून देण्यात आली. गलोलीचा खडा लागलेला एक पिंगळा, तीन पाय धड असलेलं एक उदमांजर, आणि स्वीटी. स्वीटी म्हणजे घोरपड. उगाच कुणाचं श्रेय काढून घ्यायला नको, काम ही मंडळी मनापासून करतात. कामवाली आली नाही तर सोसायटीच्या ग्रुपवर शोकसंदेश टाकणारी नीलिमा इथे सकाळी सहाला उठून उदमांजराची घाण उचलत होती, आणि तेही गुणगुणत.

शेवटच्या लांब पिंजऱ्यात गरुड होता. सापांवर जगणारा सर्पगरुड. तपकिरी अंग, छातीवर पांढरे ठिपके, हळदीसारखे डोळे. मी जवळ गेले तसा त्याने मानेमागचा काळा-पांढरा तुरा उघडला आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी तेहतीस वर्षांत कुठल्याही वर्गाकडे तसं पाहू शकले नव्हते. संस्थेने त्याचं नाव 'सम्राट' ठेवलं होतं. मोखाडा तालुक्यातल्या पोशेऱ्याचा लहानू नावाचा शेतकरी त्याला आदल्या आठवड्यात घेऊन आला होता. लहानूने भाजीच्या वाफ्यावर नायलॉनची जाळी घातली होती. तिच्यात साप अडकला, सापामागे गरुड अडकला. लहानूने कोयत्याने जाळी कापली, आपला टॉवेल गरुडाच्या तोंडावर टाकला, त्याला कोंबड्यांच्या डालात घातलं आणि डाल मांडीवर घेऊन शेअर जीपमध्ये बसला. संस्थेच्या फेसबुकवर ही हकीकत 'आमच्या टीमने केलेली थरारक सुटका' म्हणून वाचायला मिळते.

मंगळवार, पोशेरा

मंगळवारी आम्ही त्या लहानूच्या गावी जनजागृतीला निघालो. मोखाड्याकडे जाणारा रस्ता डोंगर चढतो, उतरतो, पुन्हा चढतो. मधे मधे मोहाच्या झाडाखाली बायका वाकून फुलं वेचत होत्या आणि तो उग्र गोड वास काच बंद असली तरी गाडीत शिरत होता. नीलिमाने त्या वासाला 'सो ऑर्गॅनिक' म्हटलं.

गावाच्या अलीकडे उतारावर धूर दिसला. अभिजित ओरडला, "वणवा!" कुजबुजण्याचा नियम पहिल्यांदाच मोडला. गाडी थांबायच्या आत सगळे बाहेर. एका लहानशा वाफ्यावर फांद्या, पाला, शेण असं काहीबाही रचलेलं धुमसत होतं. गाडीत पिण्याच्या पाण्याचे दोन खोके होते. सगळ्या बाटल्या पाच मिनिटांत त्या आगीवर रिकाम्या झाल्या. नीलिमाने नवं कोरं जाकीट काढून त्याने निखारे झोडपले. मीही एक बाटली ओतली, हे नमूद करते.

बांधावर एक साठीची बाई हातात हिरवा डहाळा घेऊन उभी होती. आग वाफ्याबाहेर जाऊ नये म्हणून ती राखण करत होती. आमचं सगळं संपेपर्यंत आम्ही इतकं काय करतोय हे तिला कळत नव्हतं. मग तिने सांगितलं की हा राब आहे. भाताचं बी पेरण्याआधी ती जागा भाजून घेतात. फांद्या तोडून, वाळवून, शेण पसरून, त्यावर पाला आणि माती घालून तिने आणि नवऱ्याने हा थर महिनाभर रचला होता. मी भूगोलाच्या बदली तासाला 'राब' हा शब्द स्वतः फळ्यावर लिहिलेला आहे, मुलांकडून व्याख्या पाठ करून घेतलेली आहे. समोर आला तेव्हा ओळखू आला नाही.

"पाणी टाकायचंच व्हतं तं माझ्या हंड्यात टाकायचं," ती म्हणाली. विहीर डोंगराच्या खाली होती आणि सकाळपासून तिच्या तीन खेपा झाल्या होत्या.

ती लहानूची बायको सकरी. एवढ्यात लहानू स्वतः आला, त्याने ओला चिखल झालेला राब पाहिला आणि तो इतका हसला की त्याला ठसका लागला. आमच्याकडे शेजाऱ्याच्या गाडीला ओरखडा गेला तर वकिलापर्यंत जातात. ह्या माणसाने आम्हाला घरी जेवायला नेलं. नागलीची भाकरी, खुरासणीची चटणी, उडदाची पातळ आमटी आणि वर कोरा चहा. स्वयंसेवकांनी पोटाला बाधेल म्हणून ठाण्याहून आणलेले ठेपले काढले. मी दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि मला काहीही झालं नाही.

जेवणानंतर अभिजित भिंतीवर पोस्टर चिकटवायला गेला आणि लहानू मला म्हणाला, "बाय, चला, तुमाला एक दाखवतो." घरामागून नाल्याच्या कडेने आम्ही थोडं उतरलो. पलीकडे ऐनाचं एक उंच झाड होतं आणि त्याच्या बेचक्यात काटक्यांचं घरटं. घरट्याच्या कडेला अगदी केंद्रातल्यासारखाच गरुड बसला होता. ती मादी, लहानूने सांगितलं. मग काटक्यांच्या मागून पांढऱ्या पिसांचं एवढंसं डोकं वर आलं, हललं आणि परत खाली गेलं.

नर साप धरून आणतो, मादी पिल्लाजवळ बसते, असा त्यांचा संसार. नर केंद्रात जाऊन बसल्यापासून मादी भुकेली आहे. पाच-दहा मिनिटं शिकारीला जाते आणि धावत परत येते. शेजारच्या झाडावर कावळे होते. लहानूने त्यांच्याकडे बोट केलं. दिवसातून चार वेळा तो इथे येऊन त्यांना दगड मारून जात होता. जाळी त्याचीच होती ना, म्हणाला.

माझा फोन गाडीत चार्जिंगला होता. फोटो काढायचं माझ्या मनातही आलं नाही. मी त्या पांढऱ्या डोक्याकडे बघतच राहिले आणि मला फार आनंद झाला, इतका की कबुतरांबद्दलही क्षणभर बरं वाटलं.

बुधवार, पुन्हा जव्हार

बुधवारी सकाळी प्राण्यांच्या डॉक्टर आल्या. तरुण, कमी बोलणाऱ्या, ठिपक्यांचे कपडे न घातलेल्या. त्यांनी गरुडाच्या डोक्यावर टॉवेल टाकून पंख उघडून पाहिला, मग लांब पिंजऱ्यात त्याला दोनदा उडवलं आणि म्हणाल्या, बरा झालाय, आजच सोडा, जिथे सापडला तिथेच सोडा. वनरक्षक येऊन कागदही करून गेले. डॉक्टरांना दुपारी नाशिकला एक शस्त्रक्रिया करायची होती. त्या मोटरसायकलला किक मारून निघून गेल्या.

अभिजित म्हणाला, रविवारी सोडू.

लहानू त्याच वेळी दारात येऊन उभा राहिला होता. पहाटे जीप पकडून आला होता, बरोबर ते कोंबड्यांचं डालही आणलं होतं. त्याने अभिजितला पिल्लाचं सांगितलं. अभिजितने ते कुजबुजत्या आवाजात, फार समजूतदारपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "घरट्याचा फोटो आहे का?"

लहानूच्या फोनला कॅमेरा नव्हता. मी म्हटलं, मी पाहिलंय. अभिजित म्हणाला, काकू, तुम्हाला पक्षी ओळखता येतात का? मला कबूतर ओळखता येतं, हे त्याला माहीत होतं. मग त्याने समजावून सांगितलं. पाहुण्यांची वेळ घेतलेली आहे. पत्रिका छापून वाटून झाल्या आहेत. पोशेऱ्याच्या त्या नाल्यात मंडप घालता येत नाही, शिरपामाळावर जागा मोकळी आहे, मागे डोंगर आहेत, सुरतेच्या स्वारीवर जाताना महाराज तिथे थांबले होते, फोटोला पार्श्वभूमी आहे. आणि चार दिवस पंखाला जास्तीची विश्रांती मिळाली तर बिघडलं कुठे? प्राण्यांच्या बाबतीत भावनेच्या आहारी जाऊन चालत नाही, असंही तो म्हणाला. हे त्याने स्वीटीला चमच्याने अंडं भरवता भरवता सांगितलं.

लहानू डाल घेऊन माझ्याकडे आला. "तुमी सांगा त्यांना, बाय. तुमी मोठ्या हायेत, तुमचं ऐकतील. मादी एकली पिल्लाकडं बघंल का साप धरंल? कावळं टपून हायेत."

मी सांगते म्हणाले, आणि जेवताना पुन्हा सांगितलंही. अभिजितने उत्तर म्हणून पत्रिका माझ्यासमोर ठेवली. गुळगुळीत कागद, वर गरुड, खाली पाहुण्यांचं नाव, आणि सगळ्यात खाली, पण ठळक अक्षरांत, सूत्रसंचालन म्हणून माझं. संस्थेने मला माझ्या नावामागे 'ज्येष्ठ साहित्यप्रेमी' लावून दिलं होतं. मी पत्रिका नीट घडी करून पर्समध्ये ठेवली आणि विषय तिथेच राहिला.

गुरुवार ते शनिवार

हे तीन दिवस तयारीत गेले. फलकावर 'मुक्तिसोहळा'चं 'मुक्तीसोहळा' झालं होतं, तो मी परत पाठवला. त्यात एक दिवस गेला, पण काही गोष्टींत मी तडजोड करत नाही. संध्याकाळी रंगीत तालीम व्हायची. नीलिमा रिकामं खोकं उघडायची आणि सगळे आकाशाकडे बघून टाळ्या वाजवायचे. पलीकडे लांब पिंजऱ्यात गरुड सकाळभर शीळ घातल्यासारखा ओरडायचा. मी निवेदनात एक चांगलं वाक्य घातलं, की आजचा दिवस ह्या पक्षिराजाच्या आयुष्यातला सोन्याचा दिवस आहे. ते वाक्य मला इतकं आवडलं की मी ते दोनदा वापरायचं ठरवलं.

पिल्लाची आठवण येत नव्हती असं नाही. यायची. रोज सकाळी यायची, आणि मग कुणीतरी माइकबद्दल विचारायला यायचं.

रविवार, शिरपामाळ

पाहुणे नऊला येणार होते. पाहुणे ठाण्याकडचे बांधकाम व्यावसायिक. त्यांनी एक अख्खा डोंगर पोखरून त्यावर इमारती उभ्या केल्या आहेत आणि प्रत्येकीला एकेका पक्ष्याचं नाव दिलं आहे. त्यांच्या पक्षिप्रेमाबद्दल मी चार ओळी तयार ठेवल्या होत्या. साडेबारा वाजले तरी पाहुण्यांचा पत्ता नव्हता, वाटेत नाश्ता लांबल्याचा निरोप आला. गरुड आठ वाजल्यापासून भोकं पाडलेल्या खोक्यात, मंडपाच्या खांबाच्या सावलीला. सावली सरकेल तसं नीलिमा खोकं सरकवत होती, आणि दर खेपेला त्याला सॉरी म्हणत होती.

लहानू पहिल्या रांगेत बसला होता. 'निसर्गरक्षक' म्हणून त्याचाही सत्कार होता. मला वाटलं होतं तो पुन्हा पिल्लाचं काढेल, आणि मी काय उत्तर द्यायचं तेही ठरवून ठेवलं होतं. पण त्याने काही काढलं नाही. नमस्कार केला, पाणी विचारलं तर घेतलं, आणि खोक्याकडे बघत बसून राहिला. सत्काराची कल्पना त्याला आवडली असणार, असं मी मनाशी म्हटलं.

पाहुणे आले. मी बोलले, आणि छान बोलले. सोन्याचा दिवस दोनदा झाला, दोन्ही वेळा टाळ्या पडल्या. लहानूच्या खांद्यावर लोकरीची शाल पडली. ती काढायची असते हे त्याला कुणी सांगितलं नाही, म्हणून दुपारच्या उन्हात तो शेवटपर्यंत ती पांघरून घाम गाळत बसला. मग पाहुण्यांनी खोक्याचं झाकण उघडलं.

गरुड बाहेर आला नाही. पाहुण्यांनी आत वाकून पाहिलं आणि झटकन मागे सरले. मग तो दोन पावलं चालत बाहेर आला, तुरा उघडून त्याने आम्हा सगळ्यांवर एकदा नजर फिरवली आणि तो उडाला. त्याने आकाशात गिरक्या घेतल्या नाहीत. सरळ पूर्वेकडे, मोखाड्याच्या बाजूला, तो डोंगरांवरून निघून गेला. सगळं मिळून अर्धं मिनिट.

फोटोग्राफरच्या अंगावर नेमका मंडपाचा पडदा उडून आला होता. त्याने विचारलं, "एकदा परत होईल का?"

सोमवार, पोशेरा

सोमवारी दुपारी आमची गाडी ठाण्याला निघणार होती. मी सकाळीच एकटी शेअर जीपमध्ये बसून पोशेऱ्याला गेले. कशासाठी, असं नीलिमाने विचारलं तेव्हा मी पेढे द्यायला म्हणाले, आणि पेढे खरोखरच घेतले होते. नराला घरी आलेला आपल्या डोळ्यांनी पाहावं, लहानूला म्हणावं, बघा, आला की नाही, आणि हलक्या मनाने परत फिरावं, असं माझं साधं गणित होतं.

सकरी अंगणात होती. लहानू शाल घडी घालून खाटेवर ठेवत होता. पेढे पाहून त्याने पाणी दिलं आणि न विचारताच नाल्याच्या वाटेला लागला. मी मागोमाग गेले.

ऐनावर नर आला होता. घरट्याच्या कडेला बसला होता आणि त्याच्या चोचीतून सापाची शेपटी लोंबत होती. साप गिळल्यासारखा आत असतो आणि शेपटी बाहेर ठेवलेली असते, लहानूने सांगितलं. घरट्यावर आला की पिल्लू नाहीतर मादी ती शेपटी ओढून साप बाहेर काढते. तशीच त्यांची रीत आहे.

कुणी ओढत नव्हतं. मादी नाल्यापलीकडच्या झाडावर पाठ करून बसली होती. नराने मान खाली घातली, काटक्यांजवळ शेपटी नेली, थांबला, मान वर केली. मग पुन्हा खाली घातली. कावळे त्या झाडावर आता एकही नव्हते.

आम्ही बराच वेळ उभे होतो. माझे पाय दुखायला लागले तरी मला तिथून हलवेना. उन्हात ती शेपटी हळूहळू सुकत चालली होती आणि तो काही ती गिळत नव्हता.

शेवटी मी विचारलं, कधी गेलं.

"शनवारी," लहानू म्हणाला. "शुक्करवारपत्तर व्हतं. मादी लांब गेली, मी मोहावर गेलो व्हतो, तेवढ्यात नेलं."

म्हणजे रविवारी पहिल्या रांगेत बसला होता तेव्हा त्याला माहीत होतं. शाल अंगावर घेतली तेव्हा, मी सोन्याचा दिवस म्हणाले तेव्हा, दोन्ही वेळा. मी म्हणाले, लहानूदादा, मग काल तिथे सांगितलं का नाहीत?

त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, उलट मला वाईट वाटू नये अशीच काळजी होती.

"काल तुमचा कार्यक्रम व्हता, बाय," तो म्हणाला.